जागेवरून निघताना गाडी थरथरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती भागातल्या गावांतून गॅरेजला येणारे गाडीवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. तक्रार साधारण एकच असते. गाडी उभी आहे, पहिला गिअर टाकला, क्लच सोडायला घेतला की अख्खी गाडी थरथरते, आणि वेग धरला की शांत होते. बहुतेकांना येण्याआधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की क्लचप्लेट गेली. कधी ते खरं निघतं. पण क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, आणि ते मोठ्या खर्चाचं काम आहे. कापूस विकून आलेला पैसा त्यात घालण्याआधी फुकटात होणाऱ्या काही तपासण्या करून घ्या, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

भाऊ, सुटताना थरथरते म्हणजे क्लचच गेला ना?

तसं धरून चालू नका. इंजिन सलग जोर देत नाही, ठोक्याठोक्याने देतं. ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला साधारण २७ ठोके देतं, तीन सिलिंडरचं २०. हे ठोके चाकापर्यंत गुळगुळीत पोचावेत म्हणून मध्ये बरीच मंडळी काम करतात. इंजिन ज्या रबरावर बसलंय ते फाउंडेशन, क्लच, गिअरबॉक्स, एक्सल, किंवा मागच्या चाकाच्या गाडीत (म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना जातो अशा) लांब शाफ्ट. गाडी सुटते त्या क्षणी इंजिन सर्वांत हळू फिरत असतं आणि त्याच्यावर उभ्या गाडीचं सगळं वजन एकदम येतं. यातला जो भाग कमजोर असेल तो तिथेच उघडा पडतो. वेग वाढला की ठोके जवळ जवळ येतात, भार हलका होतो आणि थरथर लपते. म्हणून "पुढे तर मस्त चालते" यावरून दोष किरकोळ आहे असा अर्थ काढू नये.

मग दोष क्लचचा की इंजिनचा, हे घरी कसं ओळखायचं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सावकाश वाचा.

सपाट मोकळी जागा घ्या. खळं असेल, सुटीच्या दिवशी शाळेचं मैदान असेल. रस्त्यावर हे करू नका. गाडी आधी आठ-दहा किलोमीटर चालवून इंजिन गरम करून घ्या.

सुरुवातीला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, पाय सगळ्या पेडलवरून काढा आणि हात स्टिअरिंगवर नुसता टेकवा. इथेच हाताला थरथर जाणवली, आरपीएमचा काटा वरखाली झाला, तर दोष इंजिनच्या बाजूचा आहे. अशा वेळी क्लचला हात लावायचं कारण नाही. एसी बंद आणि एसी चालू, दोन्ही करून बघा.

मग पहिला गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर अजिबात न देता क्लच अगदी हळू सोडा. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या सपाट जागेवर नुसत्या आयडलवर सरकू लागतात. आता लक्ष थरथर कुठे सुरू होते आणि कुठे संपते याकडे. पेडल वर येताना जिथे क्लच पकडायला लागतो त्या टप्प्यातच गाडी थरथरली आणि पाय पूर्ण निघाल्यावर थांबली, तर संशय क्लचवर, फ्लायव्हीलवर (इंजिनला जोडलेलं जड चाक, ज्यावर क्लचप्लेट टेकते) किंवा फाउंडेशनवर. पाय पूर्ण निघालाय, गाडी सरकतेय, आणि तरी अॅक्सिलरेटर दिला की हिचके येतात, तर क्लचचा संबंध जवळजवळ संपला. क्लच पूर्ण सुटल्यावर प्लेट आणि फ्लायव्हील एकजीव फिरतात, त्यांच्यात घासाघीस उरत नाही. मग ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, इंधन फवारणारं नोजल (इंजेक्टर), एक्सल यांच्याकडे वळा.

हेच रिव्हर्समध्ये करा. क्लचचा दोष असेल तर रिव्हर्सला तो बहुधा तसाच किंवा जास्त जाणवतो. पुढे जाताना थरथर आणि मागे जाताना शांत, किंवा याच्या उलट असेल, तर फाउंडेशन आधी बघा. कारण रिव्हर्समध्ये इंजिन उलट बाजूला झुकतं आणि दुसऱ्या रबरावर भार येतो.

शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगाने चालवा, क्लचवर पाय नको, आणि अॅक्सिलरेटर जोरात दाबा. इथे थरथर आली तर वर सांगितलं तेच: आधी इंजिन आणि शाफ्ट.

जे दिसलं ते कागदावर लिहून घ्या. सकाळी थंड असताना की गरम झाल्यावर, रिकामी असताना की भरलेली, चढावर की सपाटीवर, पेट्रोलवर की सीएनजीवर. "गाडी थरथरते" एवढंच ऐकून मिस्त्री अंदाजच करणार. "गरम झाल्यावर, पहिल्या आणि रिव्हर्स दोन्हीत, फक्त पकडतानाच थरथरते" हे ऐकलं की चांगला मिस्त्री अर्ध्या गोष्टी तिथल्या तिथे बाजूला काढतो.

मिस्त्री म्हणते फाउंडेशन गेलं. ते काय असते?

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवलेलं नसतं. ते रबर भरलेल्या तीन-चार आधारांवर टेकलेलं असतं. त्यांनाच गॅरेजमध्ये फाउंडेशन किंवा माउंटिंग म्हणतात. पुढच्या चाकाच्या बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूला आणखी एक आडवा दांडा असतो, टॉर्क रॉड. इंजिनला पुढेमागे डुलण्यापासून तो धरून ठेवतो. या सगळ्यांतलं रबर उन्हाने, तेल लागल्याने आणि वयाने कडक होतं, चिरतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, आणि गरम इंजिन उभं असताना बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. आपल्या भागात हे रबर लवकर जातं हे मी रोज बघतो.

तपासणी सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. बॉनेट उघडा. जाणत्या ड्रायव्हरला आत बसवा. हँडब्रेक ओढलेला, फूटब्रेक घट्ट दाबलेला. पहिला गिअर टाकून क्लच फक्त पकडीपर्यंत आणायचा आणि लगेच परत दाबायचा, एक सेकंदाचं काम. मग रिव्हर्समध्ये तेच. बघणाऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहायचं. समोर किंवा मागे कोणीही थांबू नये, लेकरांना आधी लांब पाठवा. चांगलं इंजिन थोडंसं झुकून परत येतं. रबर तुटलेलं असेल तर इंजिन चांगलं दोन बोटं उचललं जातं आणि धप् असा आवाज करत खाली बसतं. काही माउंटमध्ये आत द्रव भरलेला असतो. असं माउंट फुटलं की त्याच्या खाली ओला, काळसर डाग दिसतो.

फाउंडेशन क्लचच्या मानाने बरंच स्वस्त पडतं आणि बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतं. म्हणून ते नेहमी क्लचच्या आधी तपासायचं. शिवाय तुटलेलं फाउंडेशन चांगल्या क्लचलाही थरथरायला लावतं. क्लच केबलवर चालत असेल तर इंजिन हललं की केबल आपोआप ओढली-सुटली जाते आणि तुमचा पाय स्थिर असूनही क्लच झटके खातो.

क्लचमध्ये नेमकं काय बिघडतं?

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट दाबलेली असते. गाडी सुटताना ती एखाद-दोन सेकंद घसरते आणि मग घट्ट धरते. हे घसरणं सगळीकडे सारखं झालं तर गाडी लोण्यासारखी निघते. कुठे जास्त, कुठे कमी पकडलं की प्लेट सेकंदाला अनेकदा पकडते-सोडते, आणि तीच थरथर सीटपर्यंत येते.

उतरवलेली प्लेट हातात घेतली की तिचा इतिहास दिसतो. चांगल्या प्लेटचा पृष्ठभाग मळकट, एकसारखा खरखरीत असतो. जास्त तापलेली प्लेट काळपट आणि काचेसारखी चकचकीत होते, नख फिरवलं तर घसरतं. तेल लागलेल्या प्लेटवर ओलसर काळे पट्टे असतात. रिबेट (प्लेटचं अस्तर धरणारे खिळे) वर आलेले असतील तर प्लेटचं आयुष्य संपलेलंच आहे, आणि ते रिबेट फ्लायव्हीलवर गोल चरे पाडून जातात. प्लेटच्या मधल्या छोट्या स्प्रिंगा बोटाने हलवून बघा. सैल होऊन खुळखुळत असतील तर सुटतानाचा धक्का शोषायला कोणी उरलं नाही असं समजा. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे ठिपके दिसले तर तिथे लोखंड इतकं तापलंय की ते कडक झालंय. नवी प्लेट त्या ठिपक्यांवर वेगळी पकडते आणि थरथर तशीच राहते.

तेल येतं दोन ठिकाणांहून. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून इंजिन ऑइल, किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गिअर ऑइल. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, त्यावरून कुठलं सील गेलं ते कळतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या तळाशी ओल आणि चिकट धूळ दिसते का, ते गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन बघा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, स्टँड लावल्याशिवाय, कधीही शिरू नका.

तेलकट प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवायची पद्धत काही ठिकाणी आहे. तेल प्लेटच्या आत मुरलेलं असतं, प्लेट तापली की ते पुन्हा वर येतं. त्या कामाची मजुरी देऊ नका.

क्लचची केबल आणि तेल यांचा संबंध असतो का?

असतो, आणि सर्वांत स्वस्त दुरुस्ती कधी कधी इथेच निघते. केबल आतून गंजली, तिचे तार सुटले की पेडल अडखळत वर येतं. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबून-सोडून बघा. अडखळलं तर आधी केबल. हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर डबीतलं तेल कमी झालंय का, पेडल मऊ लागतं का ते बघा. हवा शिरली असेल तर ती काढावी लागते.

पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदाच थरथरते, दहा मिनिटांनी बंद होते. काऊन?

रात्रभराच्या दमटपणाने फ्लायव्हीलवर बारीक गंज चढतो, प्लेट ओल धरते. चार-सहा वेळा क्लच सोडला की तो घासून जातो. गाडी आठवडाभर उभी असेल तर जास्त जाणवतं. याला दुरुस्ती लागत नाही.

दुसरी शक्यता मागच्या ब्रेकची. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून दोन-चार दिवस ठेवली की ड्रममध्ये लायनर चिकटतं. सुटताना गाडी आधी अडते, मग टक् आवाज होऊन सुटते. पावसाळ्यात सपाट जागेवर गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.

गाडी वावरात चिखलात फसली होती. काढली तेव्हापासून थरथरते.

काळ्या मातीच्या पांदणीतून आलेल्या गाड्यांची ही नेहमीची गोष्ट आहे. फसलेली गाडी काढताना अर्धा क्लच धरून रेस दिली जाते, दोन मिनिटांत प्लेट जळते आणि जळका, आंबट वास गाडीत भरतो. त्यानंतर दोन गोष्टी होऊ शकतात. थोडी तापली असेल तर काही दिवस सौम्य चालवल्यावर पृष्ठभाग पुन्हा जमतो. जास्त तापली असेल तर चकाकी धरते किंवा वाकते आणि थरथर कायमची राहते.

क्लच घसरतो का ते बघा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटकन वर गेला आणि वेग तसाच राहिला, तर प्लेट संपली. काटा आणि वेग सोबत चढले तर आठ-पंधरा दिवस थांबून बघायला हरकत नाही.

पुढच्या वेळी फसली तर रेस देऊ नका. चाकासमोरची माती उकरा, पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा थर चाकाखाली दाबून टाका, माणसं उतरवा, आणि क्लच एकदाच पूर्ण सोडून हळू काढा. नाही निघाली तर ट्रॅक्टरला हाक मारलेली परवडते. आणि हो, चाकाच्या आतल्या बाजूला बसलेला चिखल धुऊन काढा. त्याने वेगात स्टिअरिंग हादरतं आणि लोक तो दोषही क्लचच्या नावावर टाकतात.

पेट्रोल गाडी आहे. थरथरते तेव्हा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो.

हा मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा इंधन नीट पोचत नाही. दिवा लुकलुकत असताना जोरात चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं, आणि तो भाग फार महाग आहे.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारं यंत्र, लावला की कोड येतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा. पी ०३०० आला तर ठराविक एक सिलिंडर नाही. कोड आला म्हणून लगेच नवी कॉइल घेऊ नका. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड ०३०१ वरून ०३०२ वर गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टरकडे जा. यात एक रुपयाचाही सुटा भाग लागत नाही.

सीएनजीवर थरथर आणि पेट्रोलवर कमी, असं असेल तर प्लग आणि कॉइलवर संशय घट्ट करा. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे कमजोर कॉइल तिथे आधी पकडली जाते.

पेट्रोलबद्दल एक सांगायचं आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतं. गावातल्या दुकानात बाटलीत उघड्यावर ठेवलेलं पेट्रोल पावसाळ्यात घेऊ नका. ते भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी हिचके देऊ लागली, तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

घरासमोर उभी होती, काल चांगली होती, आज एकदम थरथरते.

बॉनेट उघडा आणि उंदीर बघा. सोयाबीन, हरभऱ्याची पोती घरात असली की उंदीर येतातच, आणि गरम इंजिनवर बसून इंजेक्टरच्या, कॉइलच्या वायरी कुरतडतात. एक वायर तुटली की एक सिलिंडर बंद, आणि तीन सिलिंडरच्या गाडीत तर तिसरा हिस्सा ताकद गेली. वायर जोडताना नुसती पीळ देऊन टेप गुंडाळू नका, झाळून घ्या.

डिझेलमध्ये काय बघायचं?

आधी फिल्टरमधलं पाणी. बऱ्याच डिझेल फिल्टरला खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो उघडून बघायची सवय लावा, विशेषतः मोटरपंप-ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल गाडीत टाकत असाल तर. सुटताना काळा धूर आणि जोर कमी असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकलाय का, एअर फिल्टर चोंदलाय का, ते तपासा. हिंगणघाट, वणीसारख्या जिनिंगच्या भागात हंगामात कापसाचे तंतू फिल्टरवर आणि रेडिएटरच्या जाळीवर अक्षरशः थर धरतात. नोजलची पाळी त्यानंतर.

काही डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचं असतं, मध्ये स्प्रिंगा. त्याला ड्युअल मास म्हणतात. ते गेलं की सुटताना थरथर आणि इंजिन बंद करताना खडखड, असं जोडीने येतं. ते लेथवर घासून भागत नाही, बदलावं लागतं. तुमच्या गाडीत ते आहे का, हे गिअरबॉक्स उतरवायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर खर्चाचा अंदाज साफ चुकतो.

बोलेरो रिकामी चांगली चालते. माणसं किंवा माल भरला की सुटताना थरथरते.

मागच्या चाकाच्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत लांब शाफ्ट जातो, त्याच्या टोकांना क्रॉस (शाफ्टला कोनात वळू देणारे सांधे) असतात. संत्र्याचे क्रेट किंवा कापसाचे बोजे भरले की मागचे पाटे बसतात, एक्सलचा कोन बदलतो आणि क्रॉस वाकड्या कोनात काम करू लागतात. क्रॉस जरा झिजलेला असेल तर सुटताना टक् आणि मग थरथर. शाफ्ट दोन तुकड्यांत असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर बघा, ते फाटलं की भार येताच शाफ्ट उचलला जातो. गाडी सपाटीवर, चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये खेळ असेल तर हाताला कळतो. आणि पाटे कायम बसलेले असतील तर ते कमान करून घेतल्याशिवाय नवा क्रॉससुद्धा टिकणार नाही.

पुढच्या चाकाच्या गाडीत एक्सल कधी धरायचा?

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट्कट् आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. सरळ रस्त्यावर ३० ते ६० मध्ये जोर देताना थरथर आणि अॅक्सिलरेटर सोडला की शांत, तर आतला. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं दिसतं. बूट फाटल्या फाटल्या बदलला तर एक्सल वाचतो. पांदणीची धूळ आत गेली की वाचत नाही.

एएमटी गाडीला क्लच पेडलच नाही, तरी थरथरते.

एएमटी म्हणजे गिअर आणि क्लच मशीनने चालवणारी गाडी. आत क्लच तोच आहे, पाय मशीनचा आहे इतकंच. चढावर ब्रेक न लावता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तो जळतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गर्दीच्या दिवशी अनेक जण नेमकं हेच करतात. ब्रेकवर थांबा किंवा हँडब्रेक ओढा. प्लेट झिजत गेली की मशीनला पकडीची जागा नव्याने शिकवावी लागते, ते स्कॅनरने होतं. एएमटीचं काम त्यामुळे स्कॅनर असलेल्या ठिकाणीच द्या.

क्लच नवा टाकला, तरी थरथरते. आता?

सर्वांत वाईट वाटतं ते या प्रश्नाचं, कारण पैसे गेलेले असतात. राळेगावकडच्या एका शिक्षिकेची गाडी अशीच आली होती. दुसरीकडे पूर्ण क्लच सेट बदललेला, थरथर जशीच्या तशी. बघितलं तर टॉर्क रॉडचं रबर पूर्ण फाटलेलं. ते जुनंच होतं, क्लच उतरवताना हाताखालून गेलं आणि तसंच परत बसवलं. त्यांचा जुना क्लच कदाचित आणखी बरीच वर्षं चालला असता.

नव्या क्लचनंतर थरथर राहिली तर या गोष्टी विचारा. फ्लायव्हील तपासलं होतं का? ऑइल सील बदललं का? बसवताना ग्रीसचे हात प्लेटला लागले का? गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकलं होतं का? तसं झालं तर नवी प्लेट तिथेच वाकते. फाउंडेशनचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून कसले का?

गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर सोबत काय काय करून घेऊ?

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) तिन्ही एकत्र बदला. एकटी प्लेट बदलून वाचवलेले पैसे सहसा पुढच्याच वर्षी पुन्हा मजुरीत जातात. क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील ओलसर दिसलं तर बदलाच. सील स्वस्त असतं, महाग असतं तिथपर्यंत पोचणं. फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे ठिपके असतील तर तालुक्याच्या चांगल्या लेथवर फेसिंग करून घ्या. पण किती घासायचं याला कंपनीची मर्यादा असते, ती संपली असेल तर नवं घ्या. जुने भाग परत मागा आणि डोळ्यांनी बघा, तो तुमचा हक्क आहे.

क्लचची धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. जुन्या आणि स्वस्त प्लेटांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायची. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोरांसाठी हे मी कळकळीने सांगतो.

अशीच चालवली तर चालेल का?

फाउंडेशन किंवा सौम्य क्लचची थरथर असेल तर जवळच्या कामाला चालेल, पण लांबवू नका. क्लच घसरत असेल तर घाटात आणि भरलेल्या गाडीने जाऊ नका. क्रॉस किंवा मधलं बेअरिंग सैल असेल तर गाडी उभी करा. चालू गाडीतून शाफ्ट सुटून जमिनीला टेकला तर जीवाशी गाठ आहे.

नवा क्लच टाकल्यावर पहिले दिवस कशी चालवायची?

पहिले ५०० किलोमीटर प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांना जुळवून घेतात. या काळात हलकी थरथर आली तर घाबरू नका. जास्त माल, चढावर अर्धा क्लच आणि ट्रॉली ओढणं टाळा. रेल्वे फाटकावर गाडी न्यूट्रलमध्ये टाका, पाय क्लचवरून काढून खाली ठेवा. चढावर सुटताना हँडब्रेक वापरा. ५०० नंतरही पहिल्या आणि रिव्हर्स दोन्हीत थरथर येत असेल, तर बिल आणि जुने भाग घेऊन त्याच मिस्त्रीकडे जा आणि त्याला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा.